देहावरचे टोमणे आणि घुमा राग: अनुभव धागा

‘अंग भरलंय हं’, ‘उन्हात फार फिरतेस वाटतं’. हे काळजीच्या सुरात येतं, म्हणून सरळ उत्तर देता येत नाही. मग राग ताटावर निघतो, नाहीतर अबोला धरला जातो. या माणसांशी रोज काम पडणाऱ्यांनी लिहावं.

समुपदेशक
‘भूक नाही’ म्हणून ताट सारणं आणि रात्री एकटीनं डबे उघडणं, कार्यक्रमाला मुद्दाम उशिरा पोचणं, ही घुम्या रागाची रूपं. ‘रागावलीस का?’ विचारलं की ‘नाही’च येतं. प्रसंगाचं नाव घ्या: ‘दुपारी मावशी वजनावरून बोलल्या, ते लागलं का?’

टोमणा ऐकून घेणाऱ्यानं दोनच वाक्यं बोलावीत: ‘मावशी, वजनाचं बोलणं मला लागतं. ते सोडून काहीही विचारा.’ त्याच दिवशी, एकट्यात. चारचौघांत म्हटलं की समोरची ‘अगं, गंमत केली’ म्हणून सुटते आणि चिडकी तुम्ही ठरता. ‘तुम्ही नेहमीच’ अशी सुरुवात केली तर वाद ‘नेहमी’वरच अडतो. सगळ्यात घातक म्हणजे थायरॉइडचं कारण सांगत बसणं. कारण दिलं की मेथीच्या पाण्यापासून उपाय सुरू होतात आणि देह पुन्हा चर्चेला येतो.

आहारतज्ज्ञ
मीठ, पाणी, पाळी यांनीच वजन १-२ किलो हलतं. रोज काट्यावर उभं राहू नका. भारतीयांत बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ पासून वजन जास्त धरतात, कमरेचा घेर बायकांत ८० सेंमी, पुरुषांत ९० सेंमीच्या वर. हे आकडे दवाखान्यात बोलायचे. पंगतीत ‘हिला जिलबी नको, डाएट चालूय’ असं दुसऱ्यानं म्हणणं हा टोमणाच. जिच्या पुढ्यात ताट, तिलाच विचारा.

शिक्षिका
पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलींचं अंग भरतं, तो वाढीचाच भाग. एप्रिलमध्ये स्वेटर, पीटीच्या तासाला पोटदुखी, भरलेला डबा परत. असं दिसलं की आधी वर्गात तिला पडलेलं नाव शोधा. जेवणानंतर उलट्या, चक्कर किंवा तीन महिने पाळी बंद असेल तर थेट डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

शिवणकाम
माप मोठ्यानं उच्चारू नका, वहीत लिहा. सोबतची नणंद तोच आकडा घरी नेते. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत पुढच्या-मागच्या भागाला एकेक इंच माया (शिवणीच्या आत राहणारं जादा कापड) सोडा. उसवून दोन-तीन इंच सहज वाढतो. कंजुषी केली की हळदीच्या आदल्या रात्री हूक लागत नाही, आणि बोल कापडाला नाही, नेसणारीला लागतो.