स्पायवेअर शिरलं की दोष ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ दाबणाऱ्याचाच?

गोदाकाठचा
काल ‘निमाणी’ यांनी लिहिलं: “सॉफ्टवेअर टाकताना समोर येणारा करार न वाचता नेक्स्ट-नेक्स्ट दाबणाऱ्याच्या मशीनमध्ये स्पायवेअर, म्हणजे चोरून पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर, शिरलं तर कीव कसली करायची? वाचा, नाहीतर भोगा.” हे नाकाने कांदे सोलणं झालं, म्हणून लांबलचक लिहितोय.

करार वाचून काय कळणार होतं? २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतलं रूटकिट (स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर) सुरक्षातज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघडकीला आणलं. ते कॉम्प्युटरमध्ये दडून बसणार, हे करारात नव्हतंच. २०१५ मध्ये लेनोवोच्या कोऱ्या लॅपटॉपांत सुपरफिश हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर निघालं. ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची हमी देणारा दाखला) घालून एचटीटीपीएसच्या, म्हणजे कुलूपबंद जोडणीच्या, आत जाहिराती घुसवायचं, वर सगळ्या मशीनवर किल्ली एकच. २०१७ मध्ये कॉम्प्युटर साफ करणारं सीक्लीनर ५.३३ अधिकृत साइटवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीसकट आलं आणि आत चोरट्या प्रवेशाचं मागचं दार होतं. या तिन्हींत गिऱ्हाईकाने कोणतं बटण चुकीचं दाबलं, ते सांगा.

निमाणी
जगभरातून तीन उदाहरणं वेचलीत, छान. आता आपल्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीत या. कॅडकॅमचा (यंत्रभागांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा) क्रॅक, म्हणजे चोरीची फुकट आवृत्ती, उतरवतात तो झिपमध्ये येतो, पासवर्ड १२३४. पासवर्ड कशाला? ब्राउझरला आणि विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून. आत रीडमी: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ एक्सई (चालवायची फाइल) शून्यं भरून सातशे एमबीची फुगवलेली, कारण फाइली तपासणारी व्हायरसटोटल साइट ६५० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. चालवली की विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची इशाऱ्याची निळी चौकट. तिच्यात ‘रन एनीवे’ समोर दिसतही नाही, आधी ‘मोअर इन्फो’वर टिचकी मारावी लागते. मग यूएसी, म्हणजे विंडोजची परवानगीची चौकट, विचारतं, तिथेही ‘येस’. इतक्यांदा अडवूनही जो पुढे गेला त्याला फसवलं कुणी?

गोदाकाठचा
क्रॅकवाल्यांची बाजू मी घेतलेलीच नाही. पण फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअरचं काय? त्याच्या सेटअपमध्येही नको ती भर चिकटवलेली असते. ‘एक्सप्रेस’ मोठ्या हिरव्या बटणात, ‘कस्टम’ करड्या बारीक अक्षरांत. ‘डिक्लाइन’ असं रंगवलेलं की दाबलं तर सेटअपच बंद पडेल असं वाटावं. ओरॅकलच्या जावाच्या अपडेटमध्ये आस्क टूलबारची (ब्राउझरला चिकटणाऱ्या पट्टीची) टिक आधीच मारलेली असायची. सुरक्षेचं अपडेट करणाऱ्यालाच टूलबार!

करसल्लागार_कॉलेजरोड
दोघांचं भांडण चालू द्या, पण कामाचं बोला. हल्ली जे शिरतं ते टूलबार नसतं, स्टीलर असतो. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणा) उचलतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतो. कुकी गेली की ओटीपी विचारलाच जात नाही, कारण तुम्ही आधीच लॉगिन आहात असं साइटला वाटतं. म्हणून त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही. नेट तोडा, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदला, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा आणि मगच विंडोज नव्याने टाका.

आणि टेंडरवाल्या मंडळींनी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन दिवसभर यूएसबीत खोचून ठेवू नये. किल्ली टोकनबाहेर कॉपी होत नाही हे खरं. पण पिन कीलॉगरला (दाबलेल्या की चोरून टिपणाऱ्या सॉफ्टवेअरला) मिळाला, टोकन लागलेलं आहे आणि दूरवरून मशीन चालवायचं रिमोट चालू आहे, तर सही तुमच्याच मशीनवरून होते.

निमाणी
म्हणूनच रोजच्या कामाला कमी अधिकारांचं स्टँडर्ड खातं ठेवा आणि ॲडमिनचा पासवर्ड मालकाच्या खिशात. प्रश्न मिटला.

करसल्लागार_कॉलेजरोड
मिटला नाही. स्टीलरला ॲडमिन लागतोच असं नाही. ब्राउझर ज्या खात्यात चालतो त्याच खात्यात तो चालतो. स्टँडर्ड खात्याने ड्रायव्हर, सर्व्हिस, रूटकिट बऱ्यापैकी अडतं. तेवढ्यापुरतं तुमचं मान्य.

कोरलवाला
तुम्ही उंटावरून शेळ्या हाका. आमच्या डीटीपीवाल्यांचं (छपाईची पानं मांडणाऱ्यांचं) कुणी बोलत नाही. मराठी टायपिंगचं कुठलंही जुनं सॉफ्टवेअर घ्या, ते प्रत्येक की मध्येच पकडतं आणि बदलून पुढे देतं. कीलॉगरही हेच करतो. त्यामुळे रीतसर विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवरही अँटिव्हायरस कधीकधी बोंब मारतो आणि सपोर्टवाला फोनवर सांगतो, ‘बंद करून टाका हो.’ ‘बंद करा’ हे आम्हाला विकणाऱ्यांनीच शिकवलं. उद्या क्रॅकच्या रीडमीत तेच वाचल्यावर ऑपरेटर का बिचकेल?

निमाणी
हा मुद्दा बरोबर आहे. मान्य करायला जिवावर येतंय, पण बरोबर आहे.

गोदाकाठचा
मग ते जुनं सॉफ्टवेअर हवंच कशाला? विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक (उच्चारानुसार टाइप करायचा) कीबोर्ड आहे, तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारं अक्षरांचं प्रमाण, लिहितो. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, भाषा जोडा, कीबोर्ड निवडा. विंडोज-की आणि स्पेसने अदलाबदल. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कीबोर्ड तर त्याआधीपासून आहे. ‘मुक्त’, ‘बालू’ हे फॉन्ट फुकट आणि कायदेशीर.

कोरलवाला
आले युनिकोडचे कीर्तनकार! पानं मांडायच्या जुन्या पेजमेकरला युनिकोड ठाऊकच नाही. जुन्या कोरलमध्ये जोडाक्षरं फुटतात. गिऱ्हाईक लग्नाच्या तिथीच्या तोंडावर येतं आणि म्हणतं, ‘मोठ्या भावाची पत्रिका होती तशीच, फक्त नावं बदला.’ ती फाइल जुन्या फॉन्टातली. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर मारला की ‘कीर्ती’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. पत्रिकेत नाव चुकलं तर पैसे तुम्ही देणार का?

निमाणी
मुद्दा स्पायवेअरचा होता, पत्रिकेचा नाही! आणि जुना फॉन्ट हवा तर फॉन्टच घ्या ना. फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल. राइट-क्लिक, इन्स्टॉल, संपलं. ‘फॉन्टपॅक सेटअप’ नावाची एक्सई कशाला चालवता? टीटीएफला सेटअप लागत नाही, एवढं तरी कळायला हवं.

कोरलवाला
तो एक्सईचाच पॅक पेनड्राइव्हवरून शहरभर फिरतो, कारण त्यात फॉन्टबरोबर कीबोर्डही येतो. वर्षानुवर्षं या धंद्यात बसलेल्यांना ‘एवढं तरी कळायला हवं’ म्हणू नका. भाषा सांभाळा.

करसल्लागार_कॉलेजरोड
दोघेही थंड घ्या. कायद्यात बघायचं तर आयटी ॲक्टचं कलम ४३ ‘मालकाच्या परवानगीवाचून’ केलेल्या कृत्याला लागतं. त्यामुळे सेटअपमध्ये ती भर घालणारा म्हणणार, ‘यांनीच येस दाबलं.’ निमाणींचं ‘करार वाचा, नाहीतर भोगा’ हे त्याच कंपन्यांच्या वकिलांचं बोलणं झालं.

निमाणी
वकिलांशी तुलना खालच्या पातळीची आहे. पण ठीक. आधीच मारलेली टिक म्हणजे परवानगी नव्हे, इथवर मी येतो. ‘रन एनीवे’ दाबणाऱ्याला मात्र सोडणार नाही.

कोरलवाला
जाता जाता विचारतो. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये युनिकोड चिकटवलं की वेलांट्या पळतात. तुमच्या विद्वत्तेत यावर काही आहे, की तेही वाचा नाहीतर भोगा?

गोदाकाठचा
पॅराग्राफ स्टाइल उघडा, ‘जस्टिफिकेशन’मध्ये कम्पोजर (अक्षरं मांडणारी यंत्रणा) बदलून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोजर’ करा. स्टाइलमध्येच करा, नुसत्या निवडलेल्या मजकुरावर केलं तर पुढच्या परिच्छेदात पुन्हा फुटेल.

कोरलवाला
झालं. पेजमेकरमध्ये हे कुठे असतं तेवढं सांगा, मग मानतो.