बायपासनंतर बाबा गप्प झालेत, थांबून बघू का?

साताऱ्याची लेक:
बाबा ६४ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बायपासला सात आठवडे झाले. जखम भरली, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक आला. पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. तीन बॉलचं श्वास ओढायचं यंत्र कपाटावर पडलंय. जेवताना अर्धी भाकरी तशीच टाकतात. परवा चादर बदलताना उशीखाली चार गोळ्या सापडल्या. विचारलं तर म्हणाले, "कशाला आता." आई म्हणते अशक्तपणा आहे, जाईल. थांबू का?

रानवारा:
माझ्या सासऱ्यांना बीटा ब्लॉकरने (हृदयाचे ठोके हळू करणारी गोळी) मरगळ यायची, डोस बदलल्यावर फरक पडला. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका हं.

दोन स्टेंटवाला:
ताई, थांबू नका. मी स्वतः यातून गेलोय. २०१९ ला ॲटॅक आला. छातीत जरा कळ आली की रात्रभर पलंगावर बसून नाडी मोजायचो. हॉस्पिटलात कोलेस्टेरॉल सगळ्यांनी विचारलं, मन कुणीच नाही. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले: गेले दोन आठवडे कशात रस वाटतो का? उदास वाटतं का? माझा बांध फुटला.

ॲटॅकनंतर साधारण पाचात एकाला डिप्रेशन येतं. माँट्रियलमध्ये १९९३ साली दिसलं, की अशा पेशंटांत पहिल्या सहा महिन्यांत मृत्यू जास्त. गोळ्या चुकतात, चालणं थांबतं, हे एक कारण. रक्तातल्या प्लेटलेट्स आणि स्ट्रेस हार्मोन्सचाही संबंध लावतात. खरं सांगायचं तर उपचारांनी आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. २००३ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात मन सुधारलं, मृत्यू कमी झाले नाहीत. तरी मी सर्ट्रालिन ही डिप्रेशनची गोळी घेतली. मला फक्त सकाळी उठावंसं वाटायला हवं होतं. ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि "कशाला आता" म्हणजे काय, ते सरळ विचारा. जगायचं नाही असं म्हणाले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे.

साताऱ्याची लेक:
काल रात्री बाजेवर शेजारी बसून विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मरायचं नाही गं. खोकला आला की वाटतं छाती उकलेल." म्हणून ते यंत्र ओढत नव्हते. खोकताना उशी छातीशी धरायची, हे डिस्चार्जच्या कागदावर होतं, इंग्रजीत. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय. उशी दिलीय.