लंडनच्या पोर्ट्रेट गॅलरीसाठी अर्धा दिवस पुरेल का?

गोदाकाठचा मास्तर:
लेक लंडनला असते, पुढच्या महिन्यात जातोय. नातवाची ड्युटी आहेच, पण एक शुक्रवार मोकळा मिळालाय. जावई म्हणतात नॅशनल गॅलरी बघा. मला ओढ तिला खेटून असलेल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची. पस्तीस वर्षं पंचवटीत चित्रकला शिकवली. दर जयंतीला टिळक, फुले, गाडगेबाबा फळ्यावर मीच काढायचो. नाक जमायचं, डोळे कधीच नाही. गुडघे कुरकुरतात, तर काय बघू नि काय सोडू?

नाशिकरोडची:
सर, तिकीट नाही आणि शुक्रवारी रात्री 9 पर्यंत उघडी असते. लिफ्टने थेट तिसऱ्या मजल्यावर जा, तिथे ट्यूडर घराण्यातले इंग्लंडचे राजेराण्या. मग काळासोबत खाली उतरत या.

त्यांच्यातल्या आठव्या हेन्रीचं, त्याच्या दरबारी चित्रकार होल्बाइनने कागदावर काढलेलं चित्र चुकवू नका. 1536-37च्या सुमाराचं, माणसापेक्षा उंच. राजवाड्याच्या भिंतीवरच्या चित्राचा हा खाका. भिंतीवरचं 1698च्या आगीत गेलं, कागद राहिला. जवळून बघा, रेषांवर सुईने भोकं पाडलीत! माझे वडील रविवार कारंज्यापाशी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अस्साच कागद टोचायचे आणि वरून भुकटीची पुरचुंडी आपटायचे, की भोकांतून रेघ खाली उतरायची. मला तिथे एकटीलाच हसू फुटलं, गार्ड बघायला लागला. राजाचं तोंड तर वेगळ्या कागदावर काढून चिकटवलंय.

सिडकोकर:
खरं सांगू? तासाभरात कंटाळलो. निम्मे लॉर्ड कोण, कुठले, काही पत्ता नाही. पण ब्राँटे बहिणींच्या, त्या तिघी इंग्रज कादंबरीकारांच्या, चित्रापाशी थांबलो. भाऊ ब्रॅनवेलने 1834च्या सुमारास काढलंय. मधे स्वतःलाही काढलं होतं, मग त्यावर खांब रंगवला. आता त्या खांबातून तो पुसट दिसतो. कॅनव्हासवर घड्यांच्या रेघा आहेत. 1914 साली हे चित्र कपाटावर घडी घालून ठेवलेलं सापडलं. आमच्याकडे कपाटावर जुन्या रजया असतात.

गोदाकाठचा मास्तर:
मग ठरलं, आधी तिसरा मजला. जावयांना परस्पर कळवतो. ताई, वडील पुरचुंडीत कोळसा भरायचे की गेरू?

नाशिकरोडची:
पांढऱ्या भिंतीला कोळसा, काळ्या पाटीला खडू. पुरचुंडी आईच्या जुन्या पातळाची. त्यावरून भांडणं व्हायची.