इराणी पिक्चरमध्ये लहान मुलंच का असतात सगळीकडे?

प्राची_ठाणे:
चिल्ड्रन ऑफ हेवन मागेच बघितला होता, काल ए सेपरेशन पण झाला. एक कळेना, त्यातली बायको सिमीन घरात नवऱ्यासमोरसुद्धा डोक्यावर स्कार्फ घेऊनच वावरते, खरंच असं असतं का तिकडे? आणि इराणी पिक्चर म्हटलं की लहान पोरंच का येतात पुढे, सेन्सॉरमुळे का?

रिकामटेकडा:
घरात कोण कशाला घेतंय. पण कॅमेरा आला की बघणारे परके, म्हणून १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर पडद्यावर बाईचे केस दाखवायचे नाहीत असा नियम, मग सीन बेडरूमचा का असेना. नवरा-बायको दाखवलेत पण साधा हातात हात घेता येत नाही. असं असल्यावर मोठ्यांची घरगुती गोष्ट दाखवणार कशी? मुलांना घेतलं की निम्मी कटकट मिटली.

जुनापिक्चरवाला:
अर्धंच खरंय हे. मुलांच्या पिक्चरची परंपरा क्रांतीच्या आधीची आहे, शहाच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या काळात १९६५ ला मुलांसाठी कानून नावाची संस्था निघाली, किआरोस्तमी या दिग्दर्शकाने पहिली शॉर्टफिल्म तिथेच केली, १९७० ला. आणि पोरं म्हणजे नुसती पळवाट असं मला तरी वाटत नाही. त्याचाच व्हेअर इज द फ्रेंड्स होम (१९८७) बघा. अहमदकडे चुकून मित्राची वही आलेली असते, ती परत द्यायला तो शेजारच्या गावात धावतोय, कारण वहीत गृहपाठ नसला तर मास्तर मित्राला शाळेतून काढणार. मध्येच आजोबा त्याला सिगरेट आणायला पिटाळतात, आणि खिशात सिगरेट आहेत बरं का! शेजारच्या म्हाताऱ्याला वर सांगतात की पोराला वळण लागावं म्हणून पाठवलं, माझा बाप दर आठवड्याला पैसे द्यायचा आणि पंधरा दिवसांनी मारायचा, पैसे द्यायला कधी विसरायचा, मारायला नाही. आई, आजोबा, मास्तर, कोणीच त्या पोराचं धड ऐकून घेत नाही. सरकार कुठे दिसतच नाही, पण सत्ता कशी चालते ते यापेक्षा स्पष्ट काय दाखवणार.

सावनी के:
+१. दिग्दर्शक पनाहीचा टॅक्सी (२०१५) पण. पनाहीवर तेव्हा पिक्चर काढायला बंदी होती, २०१० पासून, तर हा स्वतःच टॅक्सी चालवतोय, कॅमेरे गाडीतच. त्याच्या भाचीला शाळेत शॉर्टफिल्म करायला सांगितलीय, फिल्ममध्ये काय चालतं याच्या नियमांची यादी बाईंनी दिलीय. एका नवरदेवाची पडलेली नोट कचरा वेचणारा पोरगा उचलतो आणि ते हिच्या कॅमेऱ्यात येतं, तर ही त्याच्याच मागे लागते, परत दे म्हणून, नाहीतर माझी फिल्म दाखवता येणार नाही! हसू येतं आणि लगेच कसंतरी होतं. बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला गोल्डन बेअर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस मिळालं, ते घ्यायला पण भाचीच गेली.

प्राची_ठाणे:
अरे वा, मस्त माहिती. आधी वहीवाला बघते. लेक आठ वर्षांची आहे, तिला झेपेल का?

जुनापिक्चरवाला:
झेपेल की, फक्त शेजारी बसून सबटायटल वाचून दाखवा. आजोबांवर चिडेल बहुतेक.