विषय: सोलच्या (दक्षिण कोरिया) दाप्सिम्नीहून घेतलेली जुनी पेटी, पोथी आणि फुलदाणी पुण्याला न्यायची आहे

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात सोलचा बाडबिस्तरा आवरतेय. इथल्या दाप्सिम्नी भागातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेली एक बांदाजी (लोखंडी पट्ट्यांची लाकडी पेटी), एक शिवलेली जुनी पोथी आणि सेलाडॉनची (हिरवट झिलईच्या मातीची) फुलदाणी आहे. दुकानदाराने ‘पुरातन वस्तू नाही’ असं लिहून दिलंय. तेवढं पुरेल ना?

---

नाही पुरणार, ताई. दुकानाचं पत्र ही फक्त खरेदीची पावती. विमानतळावर आणि बंदरावर वारसा-वस्तू तपासणारे अधिकारी असतात. त्यांच्या खोलीला कोरियनमध्ये ‘गामजॉंगग्वानशिल’ म्हणतात. जुनी भासणारी वस्तू त्यांनी प्रत्यक्ष पाहून ‘हा वारसा नाही’ असा दाखला दिला, तरच ती निघते.

आधी पन्नास वर्षांची अट होती. 2025 पासून 1946 किंवा त्यानंतर बनलेल्या वस्तू मोकळ्या झाल्या. तुमची फुलदाणी हल्लीच्या भट्टीतली असेल तर अडचण नाही. 1945 आणि त्याआधीची प्रत्येक वस्तू अडतेच असंही नाही. दुर्मीळ किंवा मोलाची असेल तर अडते. पण ते ठरवणार तपासणारे, आपण नाही.

खरी मेख पोथीत आहे. ती वंशावळ (जोक्बो) असेल तर साल साठ वर्षांच्या चक्रातल्या नावाने लिहिलेलं असतं. ‘गाप्जा’ म्हणजे 1924 की 1984? एक 1945 च्या रेषेच्या अलीकडे, एक पलीकडे. कागद आणि छपाई पाहूनच कळतं. पाच भोकांची शिलाई दिसली म्हणून ती जुनी असं धरू नका. ती कोरियन पद्धतच आहे, नव्या प्रतींनाही असते.

---

पेटीबद्दल माझी भर. झाकणाच्या बिजागऱ्यांना फुलीचे स्क्रू दिसले म्हणजे पेटी नवी, असा अनेकांचा समज आहे. बिजागऱ्या दुरुस्तीत बदलतात, लाकूड जुनंच राहतं. म्हणून आत, पाठीमागे आणि तळाला काय आहे त्याचे फोटो काढून ठेवा.

आणि ताई, एक गोष्ट राहिली. सामान कंटेनरने जाणार असेल तर मूव्हर्सनी खिळे ठोकून खोका बंद करण्याआधी तपासणी उरकून घ्या, नाहीतर पुन्हा उघडावा लागतो. टपालाने पाठवणं हीसुद्धा निर्यातच.

---

वारसा-वस्तू परवानगीशिवाय कोरियाबाहेर नेल्यास शिक्षा किमान तीन वर्षं कैद, वस्तू जप्त. राष्ट्रीय खजिना किंवा नोंदलेली वारसा-वस्तू असेल तर किमान पाच. त्या फक्त प्रदर्शनासारख्या कारणांसाठी, परत आणण्याच्या अटीवर बाहेर जातात.

---

उलट्या दिशेचंही सांगून ठेवते. गावाकडची पितळी मूर्ती इकडे आणायची असेल, तर आपल्याकडचा 1972 चा कायदा शंभर वर्षांवरची मूर्ती खाजगी माणसाला बाहेर नेऊ देत नाही. हस्तलिखितांना ही मुदत 75 वर्षं. वय कमी असलं तरी पुरातत्त्व खात्याचा ‘पुरावस्तू नाही’ हा दाखला निघण्याआधी घ्या. मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्यावर आहे. भारत 1977 पासून आणि कोरिया 1983 पासून युनेस्कोच्या 1970 च्या करारात आहेत, त्यामुळे बेकायदा बाहेर पडलेली वस्तू कोरियातही अडकवून ठेवता येते. दाखल्याची प्रत मूर्तीसोबतच ठेवा. परत जाताना ‘ही भारतातूनच आणलेली’ हे दाखवायला तीच कामी येते.

---

धन्यवाद सगळ्यांना. पोथीवर ‘गाप्जा’च लिहिलंय! तपासणीला आधी तीच नेते.