लिहाफमधली बेगम पुढे भेटली होती की

चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की 'लिहाफ' या उर्दू कथेत (नवाबाची दुर्लक्षित बेगम आणि तिला मालिश करणारी मोलकरीण यांच्यातली जवळीक) लेखिका इस्मत चुगताईंनी एका खऱ्या बाईला चव्हाट्यावर आणलं, तिचं पुढे काय झालं असेल याचा विचार कुणी केला का. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर खुद्द इस्मतआपांनीच 'कागज़ी है पैरहन' या आत्मकथनात देऊन ठेवलंय. कथा १९४२ची, नंतर लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला (तिथे साक्षीदाराला आक्षेपार्ह शब्द शोधून शोधून सापडला कुठला तर 'आशिक'!!) आणि मग काही वर्षांनी अलिगढला एका समारंभात ती बेगमच समोर उभी. इस्मतआपांच्या पायाखालची जमीन सरकली, आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे, तर बाई गर्दीतून येऊन चक्क गळ्यात पडली. नवाबाला सोडून तिने दुसरं लग्न केलं होतं, घरी जेवायला बोलावलं आणि आपला मुलगा दाखवला. इस्मतना त्या पोरात आपलाही वाटा आहे असं वाटून गेलं.

प्रसंग वाचताना मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यांदा वाचताना जरा खटकलं, म्हणजे एवढी बंडखोर कथा आणि सुटका शेवटी कशात, तर नवरा आणि मुलगा यातच? आणि कथेतल्या त्या मालिश करणाऱ्या मोलकरणीचं, रब्बोचं, काय झालं हे कुणीच विचारत नाही, आपल्या ह्या चर्चेतही तिचं नाव अजून आलं नव्हतं.