पेट्रोल पंप बदलण्याआधी लाइन आणि वायर बघा

१९६९ ची शेव्हेल (शेव्हरोलेची गाडी), ४५४ घन इंची इंजिन, ६०० हॉर्सपॉवर, ड्रॅग रेससाठी. उभ्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर ७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दिसतं, तरी पाव मैलाच्या शेवटी मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, मग मोठा पंप लावू का, असं एकाने विचारलंय. उभ्या गाडीतल्या प्रेशरवरून काहीच कळत नाही. प्रवाह कमी पडला की कार्बोरेटरचे बोल (पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या) रिकामे होतात, आणि ते शेवटच्या गिअरलाच जाणवतं.

६०० हॉर्सपॉवरला तासाला साधारण ३०० पाउंड, म्हणजे ५० गॅलनच्या आसपास पेट्रोल लागतं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा मोकळ्या प्रवाहाचा असतो, दाबाखाली तो घटतो. त्यात लाँचला, म्हणजे रेसच्या सुरुवातीच्या झेपेला, १ जी (गुरुत्वाकर्षणाइतका) वेग-वाढीचा जोर मिळाला की १० फूट लाइनमधलं पेट्रोल मागे रेटतं. तीनेक पीएसआय तिथेच जातात.

म्हणून पंप मागे, टाकीच्या तळापेक्षा खाली. टाकीला मागच्या बाजूने सम्प (पेट्रोल गोळा होणारा खोलगट भाग). पंपाआधी १०० मायक्रॉनचा फिल्टर, नंतर ४० चा. ३/८ ची जुनी लाइन काढून १/२ इंची टाका, काटकोनी एल्बो टाळा. पंपाला रिले (जास्त करंट हाताळणारा विजेचा स्विच) आणि १० गेजची जाड वायर द्या. व्होल्टेज चालू पंपाच्या टर्मिनलवर मोजा. १२ च्या खाली असेल तर बिचाऱ्या पंपाला दोष देऊ नका. आणि टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याची वाट)! तो तर लोक हमखास विसरतात.

होली (Holley) कंपनीच्या कार्बोरेटरला प्रेशर ७ पीएसआयच्या वर नेऊ नका. बोलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल उचलली जाऊन बोल ओसंडतो.